बारमाही बावीस अंश: फ्लोरिडाच्या झऱ्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

फ्लोरिडा म्हटलं की समुद्रकिनारा आणि ओरलँडोची थीम पार्क डोळ्यांसमोर येतात. पण राज्याच्या उत्तर आणि मध्य भागात चुनखडीच्या थरांतून वर येणारे गोड्या पाण्याचे हजाराहून जास्त झरे आहेत, आणि अमेरिकेतल्या आपल्या वाचकांनी या सदराकडे सध्या सर्वाधिक प्रश्न पाठवलेत ते त्यांच्याबद्दलच. झरा हा शब्द इथे जरा अपुरा पडतो. कातळातून ठिबकणारी धार मनात आणू नका. इथे अख्खी नदी जमिनीतून उगवते. सेकंदाला १०० घनफूट किंवा त्याहून जास्त पाणी देणाऱ्या झऱ्याला पहिल्या प्रतीचा म्हणतात. म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर साडेतीन सेकंदांत भरेल. असे ३० हून अधिक झरे या एका राज्यात आहेत.

आईबाबा मे महिन्यात भारतातून येत आहेत. आम्ही ओरलँडोत राहतो. एक दिवस त्यांना झऱ्यावर न्यायचं आहे. आईला पोहता येत नाही, बाबा विहिरीत पोहलेले आहेत. पाणी फार गार असतं का? कुठला झरा निवडावा?

गार असतं, आणि बाराही महिने सारखंच गार. मध्य फ्लोरिडात साधारण २२ अंश सेल्सिअस, उत्तरेकडे एखादा अंश कमी. पावसाचं पाणी चुनखडीत मुरतं आणि दीर्घकाळ जमिनीखाली राहतं. तिथे ऋतू पोहोचत नाहीत, त्यामुळे पाण्याला त्या प्रदेशाचं वर्षाचं सरासरी तापमान येतं. बाहेर ३४ अंशांचा उकाडा असताना हे पाणी पहिल्या मिनिटाला झोंबतं, पाचव्या मिनिटाला सुख वाटतं आणि चाळिसाव्या मिनिटाला ओठ निळे करतं. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. बारीक अंगकाठीची मुलं आणि साठीपुढची माणसं आधी गारठतात, आणि दोघंही ‘नाही, नाही, मी ठीक आहे’ म्हणण्यात पटाईत असतात. तेव्हा विचारत बसू नका. वीस मिनिटं पाण्यात, पंधरा मिनिटं उन्हात, असा क्रम घड्याळाकडे बघून लावा.

बाबांना एक गोष्ट आधीच सांगा. विहिरीत सूर मारायची सवय इथे उपयोगाची नाही. अंग तापलेलं असताना एकदम उडी मारली की श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि तो पाण्याखाली ओढला गेला तर नाकातोंडात पाणी जातं. पायऱ्यांवरून कमरेइतकं उतरायचं, तोंडावर आणि मानेवर पाणी मारायचं, श्वास ताळ्यावर आला की मगच पोहायचं.

आईंसाठी ओकाला राष्ट्रीय वनातला अलेक्झांडर स्प्रिंग्ज सुचवू. तिथे काठ वाळूचा आणि हळूहळू उतरत जाणारा आहे. गुडघ्याभर पाण्यात बसून राहिलं तरी तळाची वाळू आणि मासे दिसतात. वेकिवा स्प्रिंग्ज तुम्हाला जवळ, अर्ध्या-पाऊण तासावर, पण सुट्टीच्या दिवशी तिथे अतोनात गर्दी असते. लाइफ जॅकेट घरूनच घेऊन जा, अमेरिकी तटरक्षक दलाची मान्यता छापलेलं आणि छातीच्या मापाचं. घालून दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या वर ओढा. जॅकेट कानापर्यंत सरकत असेल तर ते मोठं आहे आणि पाण्यात माणूस खाली आणि जॅकेट वर असा प्रकार होईल. फुगवायचे दंडपट्टे, हवेची गादी वगैरे दुकानांत ढिगाने मिळतात. त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

कपड्यांचंही बोलून टाकू, कारण हा प्रश्न लोक संकोचाने विचारतात. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि घोट्यापर्यंतची पोहण्याची पँट चालते, कुणी वळूनही बघत नाही. सुती सलवार-कमीज मात्र नको. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, पायाला चिकटतं आणि बाहेर आल्यावर तासभर अंग थंड ठेवतं. ओढणी तर गाडीतच ठेवा, फांदीत अडकते.

रविवारी साडेदहाला पोहोचलो, तर गेट बंद. पहारेकरी म्हणाला, उद्यान भरलंय. दोन तासांचा प्रवास फुकट गेला. हे असं नेहमी होतं का?

उन्हाळी शनिवार-रविवारी नेहमीच. झऱ्याचं कुंड लहान असतं आणि वाहनतळ त्याहून लहान. ठरलेल्या गाड्या आत गेल्या की गेट बंद. राज्य उद्यानं सकाळी ८ ला उघडतात, आणि नावाजलेल्या ठिकाणी त्याआधीच रांग लागलेली असते. तुम्ही साडेदहाला पोहोचलात तेव्हा दिवस संपूनही गेला होता म्हणा ना. दुपारी काही गाड्या बाहेर पडल्या की गेट पुन्हा उघडतं कधीकधी, पण त्या आशेवर रस्त्याच्या कडेला थांबायला बहुतेक ठिकाणी मनाई आहे.

उपाय साधे आहेत. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. ते जमत नसेल तर साडेसातला गेटवर हवं. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे झाला की शाळा सुरू झालेल्या असतात, पाणी तेच बावीस अंश, आणि गर्दी निम्म्याहून कमी. निघण्याआधी त्या उद्यानाचं अधिकृत पान बघा: काही ठिकाणी आगाऊ नोंदणी लागते, काही ठिकाणी वादळानंतर वाट किंवा पोहण्याची जागा महिनोन्महिने बंद असते. बऱ्याच राज्य उद्यानांत प्रवेश गाडीमागे ६ डॉलरच्या आसपास असतो, रेनबो स्प्रिंग्जसारख्या काही ठिकाणी माणशी २ डॉलर. रोख सुटे पैसे जवळ ठेवा.

लवकर जाण्याचं दुसरं कारण आभाळात आहे. जून ते सप्टेंबर दुपारी दोन-तीनच्या सुमाराला ढग जमतात आणि गडगडाट सुरू होतो. पहिला गडगडाट ऐकला की पाण्यातून बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आत पाय ठेवायचा नाही. सकाळी आठला आलेल्यांचं तोवर पोहून, जेवून झालेलं असतं.

इचटकनी नदीवर ट्यूबमधून, म्हणजे हवा भरलेल्या रबरी कड्यात बसून, तरंगत जायचं आहे. सोबत चार आणि नऊ वर्षांची मुलं. नेमकं कसं करतात? दोन प्रवेशद्वारं आहेत असं कळलं, त्यात गोंधळ उडाला.

गोंधळ सगळ्यांचाच उडतो. फोर्ट व्हाइट गावाजवळच्या या उद्यानाला उत्तर आणि दक्षिण अशी दोन दारं आहेत आणि त्यांत गाडीने जाण्याइतकं अंतर आहे. उत्तर दारापाशी मूळ झऱ्याचं कुंड आहे; तिथे पोहायचं, आणि तिथूनच अर्ध्या मैलाच्या पायवाटेने ब्लू होल या दुसऱ्या झऱ्यावर जायचं. ट्यूबवाल्यांचं काम दक्षिण दाराशी. नकाशात नुसतं ‘इचटकनी स्प्रिंग्ज’ टाकलं तर फोन कुठल्याही दारात नेऊन सोडेल, म्हणून ‘दक्षिण प्रवेशद्वार’ असं पूर्ण टाका.

क्रम असा. गाडी दक्षिण दाराच्या वाहनतळावर लावायची. ट्यूब तिथे भाड्याने मिळतात किंवा आपल्या आणता येतात. तिथून नदीच्या मधल्या धक्क्यापर्यंत जायचं. उन्हाळ्याच्या हंगामात ट्रॅम असते, एरवी चालत. पाण्यात उतरलं की पुढचं काम नदी करते. प्रवाह माणसाच्या रमतगमत चालण्यापेक्षाही संथ आहे, तास-दीड तासात शेवटचा उतार येतो. गाडी उताराच्याच बाजूला असल्यामुळे परत वर जायची भानगड नाही. मधे डँपियर्स लँडिंग नावाचा एक धक्का लागतो. चार वर्षांचं मूल गारठून रडायला लागलं तर तिथेच बाहेर पडा, पुढचा भाग चालत गाठता येतो. शेवटचा उतार मात्र चुकवायचा नाही. पुढे महामार्गाचा पूल लागतो आणि उद्यानाची हद्द संपते. पाटी दिसायच्या बऱ्याच आधी हाताने वल्हवत काठाच्या बाजूला सरकायला लागा, कारण ट्यूब पटकन वळत नाही.

धाकट्याची ट्यूब सुटी सोडू नका. त्याची ट्यूब तुमच्या ट्यूबला दीड-दोन हाताच्या जाड दोरीने बांधा, आणि दोरीची गाठ अशी मारा की एका ओढीत सुटेल. पाण्यात आडवं पडलेलं झाड आलं आणि एक ट्यूब एका बाजूने, दुसरी दुसऱ्या बाजूने गेली तर गाठ सुटायलाच हवी. पाचसहा ट्यूबांची आगगाडी करू नका, ती हमखास अडकते. मुलाला जॅकेट, पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा पाण्यातले बूट. रबरी स्लिपर पहिल्या दहा मिनिटांत वाहून जातात आणि त्यांच्यामागे धावणारी माणसंच नदीतला तळ तुडवतात.

तळाबद्दल थोडं जास्त लिहितो. नदीच्या तळाशी पट्ट्यांसारखं लांब हिरवं गवत प्रवाहात डुलताना दिसेल. पाणी काचेसारखं दिसतं ते बऱ्याच अंशी या गवताच्या जिवावर. त्याची मुळं गाळ धरून ठेवतात. माणूस त्यात उभा राहिला की मुळं उपटतात, गाळ उठतो आणि मागून येणाऱ्या शंभर जणांना चहासारखं पाणी मिळतं. उभं राहायचंच असेल तर पांढऱ्या वाळूच्या जागी.

नदीवर खाद्यपदार्थ, दारू, तंबाखू आणि एकदा वापरून फेकायची कुठलीही वस्तू चालत नाही. वेफर्सचं पाकीट आणि प्लास्टिकची पाण्याची बाटली दोन्ही त्यातच मोडतात, आणि उतरण्याआधी सामान तपासतात. आपल्या घरचे स्टीलचे डबे सहलीच्या बाकांवर कामाला येतात. तरंगायच्या आधी हलकं खा, पोटभर जेवण नंतर. सनस्क्रीन लावायचं तर अर्धा तास आधी, पाण्याशी पोहोचल्यावर लावलेलं सगळं नदीला जातं. त्यापेक्षा पूर्ण बाह्या बऱ्या.

एवढा लांब प्रवास नको असेल तर ओरलँडोजवळ अपॉपका इथल्या केली पार्कमध्ये रॉक स्प्रिंग्जचा पाऊण मैलाचा छोटा ओढा आहे. तरंगत खाली जायचं, काठाने चालत वर यायचं, पुन्हा उतरायचं. चार वर्षांच्या मुलासाठी खरं तर आधी तेच करावं. ट्यूब पार्कच्या बाहेरून आणाव्या लागतात.

मी आणि माझी बायको, दोघंही कधी कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद नावेत, बसलेलो नाही. सिल्व्हर, रेनबो आणि जुनिपर या झऱ्यांच्या प्रवाहांपैकी कुठे सुरुवात करावी?

सिल्व्हर. नदी रुंद, वळणं सौम्य, प्रवाह बेताचा. तिथे पोहायला मनाई आहे, त्यामुळे पोहणाऱ्यांची गर्दी नाही. काचेच्या तळाच्या नावा १९व्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथे चालतात. त्या आल्या की बाजूला व्हा. काठावर माकडं दिसली तर चकित होऊ नका. १९३० च्या दशकात एका नावाडी व्यावसायिकाने पर्यटकांसाठी ती एका बेटावर सोडली. माकडांना पोहता येत नाही अशी त्याची समजूत होती. ती लगेच पोहून पसार झाली आणि आता रानात त्यांच्या टोळ्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच माकडांच्या अंगात माणसाला घातक ठरू शकणारा हर्पीस बी विषाणू असतो. खायला देणं २०१८ पासून बेकायदा आहे. फांद्यांखाली नाव थांबवू नका.

रेनबो ही दुसरी पायरी. साधारण पावणेसहा मैलांची नदी, शेवटी विथलाकूची नदीला मिळते. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, के. पी. होल नावाच्या पार्कमधून नाव पाण्यात घालून आधी प्रवाहाविरुद्ध उगमाकडे जायचं आणि मग वाहत परत यायचं. नवखी मंडळी उलट करतात: आधी मजेत खाली वाहत जातात आणि परतताना, हात दमलेले असताना, प्रवाहाशी झुंजतात. वर चढताना नदीच्या मधोमध राहू नका. वळणाच्या आतल्या बाजूला, काठालगत पाणी मंद असतं. एका वळणाच्या आतल्या काठावरून पुढच्या वळणाच्या आतल्या काठाकडे तिरकं जात राहा.

दोघांच्या कयाकमध्ये जड माणूस मागे. पुढे वजन जास्त झालं की नाक पाण्यात रुततं आणि नाव सरळ जायला तयार होत नाही. पुढच्याने फक्त लय धरायची, दिशा मागच्याने द्यायची. नाव नागमोडी जात असेल तर नव्वद टक्के वेळा कारण हेच की दोघंही दिशा देताहेत. हा प्रकार संसारातही होतो, पण तिथे काठ लागत नाही. वल्ह्याचं पातं पायाच्या बोटांच्या रेषेत पूर्ण बुडवायचं आणि कमरेशी आलं की बाहेर काढायचं. त्यापुढे ओढलेलं पाणी नावेला नुसतं वळवतं. दंडाने ओढू नका, खांदे फिरवा. दंडाने ओढणाऱ्याचे हात अर्ध्या तासात भरून येतात.

जुनिपर पहिल्या खेपेला अजिबात नको. ओकाला वनातला हा ७ मैलांचा ओढा चार-पाच तास घेतो. जागोजागी तो इतका अरुंद आहे की लांब नाव आडवी झाली तर दोन्ही काठांना टेकेल. मधे एक थांबा सोडला तर बाहेर पडायला वाट नाही, फोनला रेंज नाही, शेवट राज्य रस्ता १९ च्या पुलाशी. भाड्याच्या नावा दुपारी सोडत नाहीत, त्याला कारण आहे.

इथे गडबड कुठे होते ते नीट समजून घ्या, कारण ही गोष्ट कुठल्याही वाहत्या पाण्यात उपयोगी पडते. वळणावर प्रवाह नावेला बाहेरच्या काठाकडे ढकलतो आणि नेमकं तिथेच पडलेलं झाड असतं. नाव खोडाला आडवी टेकते. माणूस घाबरून खोडापासून दूर, म्हणजे येणाऱ्या पाण्याच्या बाजूला, कलतो. नावेची ती कड खाली जाते, पाणी कडेवरून आत घुसतं आणि दोन सेकंदांत नाव भरते. करायचं बरोबर उलटं: खोडाकडेच कला, गरज पडली तर त्याला मिठी मारा, मग हाताने खोड ढकलत नाव एका टोकाकडे सरकवा. आणि वरून लोंबणारी फांदी हाताने धरू नका. नाव पुढे जाते, धरणारा तिथेच राहतो. फांदी आली की पुढे वाका आणि वल्हं नावेच्या लांबीच्या रेषेत आडवं धरा.

कायद्याचं थोडक्यात: कयाक किंवा कनूमध्ये माणशी एक मान्यताप्राप्त लाइफ जॅकेट आणि आवाजासाठी शिट्टी हवीच. सहा वर्षांखालच्या मुलाने चालत्या नावेत जॅकेट अंगात घालायलाच हवं, नुसतं पायाशी ठेवून भागत नाही. किल्ल्या आणि फोन जलरोधक पिशवीत, आणि ती पिशवी नावेला बांधलेली. नाव उलटली की न बांधलेली प्रत्येक वस्तू नदीची.

मॅनेटी म्हणजे समुद्रगाय बघायला डिसेंबरच्या सुट्टीत यायचं ठरतंय. त्यांच्यासोबत पोहता येतं असं ऐकलं.

महिना अगदी बरोबर निवडलात. नदी किंवा समुद्राचं पाणी २० अंशांच्या खाली गेलं की मॅनेटींना ते सोसत नाही. आकाराने एवढ्या मोठ्या असूनही त्यांच्या अंगावर ऊब धरणारी चरबी फारशी नसते. मग त्या झऱ्यांच्या बावीस अंशांत येऊन राहतात. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याला गार वाटणारं पाणी हिवाळ्यात त्यांची शेकोटी असतं. थंडीची लाट येऊन दोन-तीन दिवस झाले असतील अशी सकाळ गाठा. ऑरेंज सिटीतल्या ब्लू स्प्रिंगवर २०२४ च्या जानेवारीत अशाच एका सकाळी ९३२ मॅनेटी मोजल्या गेल्या.

ब्लू स्प्रिंगवर हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून पोहणं आणि वल्हवणं दोन्ही बंद असतं. लाकडी वाटेवरून बघायचं. लहान मुलं, आजी-आजोबा बरोबर असतील तर आम्ही हेच सुचवू. पाणी पारदर्शक असल्यामुळे वरून दिसतं ते पुष्कळ आहे.

सोबत पोहायचं तर क्रिस्टल रिव्हर हे गाव. तिथल्या थ्री सिस्टर्स झऱ्यांत १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च नावा आणि कयाक आत नेता येत नाहीत. काठावरच्या उद्यानाचं तिकीट काढून आत गेलात तरी तिथून पाण्यात उतरू देत नाहीत. पाण्याच्या बाजूनेच पोहत यावं लागतं, म्हणून लोक परवानाधारक बोटवाल्याबरोबर जातात. थंडी फार असेल तेव्हा झरे माणसांना पूर्ण बंद करतात. तेव्हा एकाच दिवसावर सगळा कार्यक्रम टांगू नका, दुसरा दिवस हाताशी ठेवा.

पाण्यात वागायची रीत अशी: पाठलाग नाही, स्पर्श नाही, झोपलेल्या मॅनेटीच्या वरून पोहायचं नाही, पिल्लू आणि आई यांच्या मधे जायचं नाही. स्पंजची लांब नळी काखेत धरून पालथं तरंगायचं, पाय हलवायचे नाहीत. पायांनी खळबळ केली की गाळ उठतो, मॅनेटी निघून जाते आणि उरलेल्या सगळ्यांच्या शिव्या मिळतात. ती आपणहून जवळ आली तर हात अंगाशी घेऊन स्थिर राहा. डिसेंबरच्या सकाळी बाहेरची हवा पाण्यापेक्षा गार असते, तेव्हा जाड वेटसूट (पाण्यात ऊब धरणारा अंगाबरोबरचा पोशाख) भाड्याने घ्या आणि बाहेर आल्यावर लगेच घालायला कोरडे गरम कपडे बोटीतच ठेवा.

कुंडाच्या तळाशी निळं भोक दिसतं, जेमतेम सहा फुटांवर. मुलगा चांगला पोहतो, एकदा बुडी मारून आत बघून येतो म्हणतो.

नाही म्हणा. सहा फूट दिसतंय ते वरून बघताना. पाण्यात प्रकाश वाकतो, त्यामुळे सरळ खाली बघताना खोली खऱ्याच्या पाऊणपट भासते. दिसणारे सहा म्हणजे खरे आठ, दिसणारे पंधरा म्हणजे खरे वीस. एवढ्या स्वच्छ पाण्यात अंदाज द्यायला गढूळपणाही नसतो, म्हणून पट्टीचे पोहणारेही फसतात. सूर मारणाऱ्यांसाठी मात्र धोका दुसऱ्या टोकाचा असतो: कडेचे चुनखडीचे दगड पाण्याखाली फूटभरावर असतात आणि पाणी दिसतच नाही इतकं नितळ असतं.

भोकाच्या आत गेलं की डोक्यावर छत येतं. छताला आणि तळाला साचलेली बारीक माती पायाच्या एका फटक्याने उठते, उजेडाची दिशा कळेनाशी होते, आणि वर जायचं म्हटलं तर वर दगड. गुहेत बुडी मारण्याचं वेगळं प्रशिक्षण असतं, त्यात परतीची दोरी, एकाहून जास्त दिवे आणि हवेचा तिसरा हिस्साच आत जायला वापरायचा असा नियम असतो. अनेक गुहांच्या तोंडाशी काळ्या झग्यातल्या मृत्यूचं चित्र असलेली पाटी लावलेली आहे. ती शोभेसाठी नाही.

बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेण्याची शक्कल मुलं एकमेकांना शिकवतात, तीही बंद करा. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, फक्त कर्बवायू कमी होतो. श्वास घ्यायची उबळ त्या कर्बवायूमुळेच येते. ती येण्याआधीच पोहणारा पाण्याखाली शुद्ध हरपतो, आणि हात न मारता, आवाज न करता बुडतो. एक जण पाण्याखाली, दुसरा वर नजर लावून; याला पर्याय नाही. मोकळ्या नदीत स्नॉर्केल करताना, म्हणजे श्वासाची नळी तोंडात धरून पोहताना, लाल चौकोनावर पांढरी तिरकी पट्टी असलेला झेंडा तरंगता ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे; राखीव पोहण्याच्या जागेत लागत नाही.

एवढं नितळ पाणी पिऊन बघायला काय हरकत आहे? आणि तो मेंदू खाणारा अमीबा झऱ्यांत असतो का?

पिऊ नका. नितळपणा डोळ्यांना दिसतो, जंतू दिसत नाहीत. झऱ्याच्या पाण्यात शेतांतली आणि हिरवळींची खतं, सेप्टिक टाक्यांचं पाणी मुरून आलेलं असतं. फ्लोरिडाने झऱ्यांसाठी नायट्रेटची मर्यादा लिटरला ०.३५ मिलिग्रॅम ठेवली आहे आणि बरेच नामांकित झरे ती ओलांडतात. पिण्याच्या पाण्याच्या १० मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा हे खूप कमी आहे, तेव्हा पोहणाऱ्याला त्याचा त्रास नाही. त्रास झऱ्याला होतो. खडकांवर शेवाळाची लव चढते, गवत गुदमरतं. वाकुल्ला झऱ्यावर एकेकाळी काचेच्या तळाच्या नावा रोज चालत, आता पाणी पुरेसं नितळ असेल अशा मोजक्या दिवशीच चालू शकतात.

अमीबाला ऊब आवडते. साचलेलं, उथळ, २७ अंशांच्या वर तापलेलं पाणी त्याला मानवतं. झऱ्याच्या तोंडाशी बावीस अंशांचं वाहतं पाणी असल्याने शक्यता फारच कमी, पण नदी खाली जाऊन पसरते, खाचांमध्ये पाणी साचून तापतं, तिथे डोकं बुडवू नका. हा अमीबा फक्त नाकावाटे शिरतो, पोटात गेला तर काही करत नाही. तळाची माती ढवळणाऱ्या मुलांना नाकाची चिमटी द्या. आणि पोहून झाल्यावर मान तिरकी करून कान कोरडे करा. कानदुखीच्या तक्रारी अमीबापेक्षा कितीतरी जास्त येतात.

आणि ॲलिगेटर, म्हणजे मगरीचा तो भाईबंद?

आहेत. राज्यात अंदाजे १३ लाख, सर्व ६७ काउंटींत. दिवसाउजेडी, नेमून दिलेल्या पोहण्याच्या जागेत, माणसांची वर्दळ असताना ते सहसा फिरकत नाहीत. संध्याकाळ ते पहाट ही त्यांची शिकारीची वेळ. तेव्हा पाण्यात असू नका. कुत्रा काठावर आणू नका, त्याच्या मापाचं भक्ष्य त्यांना ओळखीचं असतं. कयाकमधून दिसला तर नदीच्या दुसऱ्या बाजूने जा आणि त्याला पाण्यात शिरायला वाट मोकळी ठेवा. काठावर ऊन खाणारा ॲलिगेटर दचकला की पाण्याकडेच धावतो, आणि वाटेत तुमची नाव असेल तर दोघांचीही पंचाईत. खायला देणं गुन्हा आहे, आणि सहलीच्या बाकाखाली टाकलेला पोळीचा तुकडाही त्यातच धरा.